शंभर वर्षांचा वायदा : सेपेल्ट्सफील्डची वाटचाल

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरातून ईशान्येला गाडीने तासाभर गेले की बरोसा खोरे लागते. खोऱ्याच्या पश्चिम कडेला सेपेल्ट्सफील्ड हे छोटे गाव आहे. निळसर दगडाची मोठमोठी कोठारे, उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी बांधलेली जुनी वाइनरी, कामगारांची घरे, भोवती द्राक्षमळे आणि रस्त्यांच्या दोन्ही अंगांना खजुरींच्या रांगा. वाइनरीच्या आधी इथे गाव नव्हते. जे वसले ते तिच्यापायी, आणि गावाला मिळालेले नावही तिच्या मालकाचेच.

आपल्याकडे संस्थेला शंभर वर्षे झाली की स्मरणिका निघते. त्यात संस्थापकांचे फोटो, देणगीदारांची यादी, कोनशिलांच्या तारखा असतात. सेपेल्ट्सफील्डची स्मरणिका लाकडी पिंपांत भरून ठेवलेली आहे. १८७८ सालापासून दर वर्षीची वाईन तिथे पिंपात राखून ठेवली आहे, आणि प्रत्येक पिंपाचा वायदा शंभर वर्षांचा आहे. मधल्या काळात दोन महायुद्धे झाली, जागतिक मंदी आली, लोकांची चव बदलली, संस्थापकांचे घराणे मालकीतून बाहेर पडले आणि कंपन्या एकमेकींना गिळत गेल्या. तरी साखळीतले एकही साल गळाले नाही. या संस्थेची वाटचाल सांगायची तर ती या वायद्याच्या अंगानेच सांगावी लागते.

सायलेशिया सोडताना

बरोसात जर्मन माणसे आली ती वाईनसाठी नव्हे. प्रशियाचा राजा फ्रेडरिक विल्यम तिसरा याने आपल्या राज्यातले लुथरन आणि रिफॉर्म्ड हे दोन प्रॉटेस्टंट पंथ एका चर्चमध्ये आणायचे ठरवले आणि १८३० च्या सुमारास सगळीकडे एकच उपासनाविधी लागू केला. जुन्या वळणाच्या लुथरन लोकांनी तो मानला नाही. त्यांच्या पाद्र्यांना पदावरून काढले, काहींना तुरुंगात टाकले, चोरून भरणाऱ्या प्रार्थनासभांवर दंड बसवले. ऑगस्ट कावेल हे अशांपैकीच एक पाद्री. आपल्या मंडळींना घेऊन देश सोडण्याची वाट शोधत ते इंग्लंडला गेले आणि तिथे त्यांची गाठ जॉर्ज फाइफ अँगस यांच्याशी पडली.

अँगस लंडनचे व्यापारी आणि पंथाने स्वतःही चर्च ऑफ इंग्लंडबाहेरचे. १८३६ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण ऑस्ट्रेलिया वसाहतीत त्यांचा मोठा पैसा गुंतला होता. या वसाहतीत कैदी पाठवायचे नाहीत असे आधीच ठरले होते. ठरावीक दराने जमीन विकायची आणि त्या पैशातून मजूर-कारागिरांच्या प्रवासाची सोय करायची, अशी तिची आखणी होती. कष्टाळू, देवभीरू शेतकरी कुटुंबे तिला हवीच होती. अँगसनी कावेल यांच्या मंडळींना प्रवासासाठी कर्ज दिले. नोव्हेंबर १८३८ मध्ये 'प्रिन्स जॉर्ज' जहाजातून कावेल आणि त्यांची मंडळी उतरली, आणि ॲडलेडजवळ टॉरेन्स नदीकाठी त्यांनी क्लेम्झिग वसवले. प्रशियात कावेल ज्या गावाचे पाद्री होते, त्याचेच हे नाव.

मग ही माणसे बरोसात कशी पोचली? त्यामागे एका मुनिमाचा अतिउत्साह आहे. अँगस यांचे प्रतिनिधी चार्ल्स फ्लॅक्समन यांनी मालकाच्या नावावर बरोसात एकदम २८,००० एकर जमीन घेऊन टाकली. लंडनमध्ये बसलेल्या अँगसना त्याचा पत्ताही नव्हता. कळले तेव्हा देणी भागवताना ते बुडायच्या बेतात आले. आता ही जमीन कसणारे कोणीतरी हवे होते. खनिजतज्ज्ञ योहानेस मेंगे यांनी खोरे पालथे घालून, इथे द्राक्षे आणि फळबागा उत्तम होतील असा अहवाल दिलाच होता. १८४२ मध्ये जर्मन कुटुंबांनी तिथे बेथानी हे बरोसातले आपले पहिले गाव वसवले. एकच सरळ रस्ता, रस्त्यालगत घरे आणि प्रत्येक घरामागे ओढ्यापर्यंत गेलेली शेताची लांब, अरुंद पट्टी. गावाची ही रचना त्यांनी प्रशियाच्या सायलेशिया प्रांतातून जशीच्या तशी आणली होती. पाठोपाठ लांगमाइल वसले आणि पुढे तानुंडा मोठे झाले. १८४७ मध्ये योहान ग्रँप यांनी जेकब्स क्रीकच्या काठी द्राक्षे लावली. १८४९ मध्ये सॅम्युअल स्मिथ या इंग्रजाने खोऱ्याच्या पूर्वेला यालुम्बाची सुरुवात केली.

ज्यांची जमीन होती

या हिशेबात एक पान कोरे सोडले जाते. बरोसा हा न्गाजुरी, पेरामँक आणि कौर्ना या आदिवासी समाजांच्या मुलखांचा सांधा. वसाहत स्थापन करताना इंग्लंडच्या राजाने १८३६ मध्ये जी सनद दिली, तिच्यात मूळ रहिवाशांच्या कब्जातली जमीन आणि तिचा उपभोग त्यांच्याकडून हिरावला जाऊ नये असे कलम होते. कलम कागदावर राहिले आणि मोजणीदारांनी सगळा मुलूख मोकळा धरून चौकोनांत कापला. धर्मासाठी घरदार सोडलेल्या लोकांना जमीन मिळाली ती दुसऱ्या कोणाची तरी होती. एकराला एक पाउंड हा सरकारी दर, आणि मूळ धन्यांना त्यातले काहीच गेले नाही. वसाहतीच्या प्रत्येक संस्थेच्या कोनशिलेखाली हे आहे, सेपेल्ट्सफील्डच्याही.

तंबाखूवाला

योझेफ अर्न्स्ट सेपेल्ट कावेल यांच्या मंडळींपैकी नव्हते. ते आले दहा-अकरा वर्षांनी. तोवर नव्या राजाने पंथाचा जाच सैल केला होता आणि लोक देश सोडत होते ते जास्त करून पोटासाठी आणि राजकीय धास्तीने. सेपेल्ट यांचे गाव वूस्टेवाल्टर्सडॉर्फ. सायलेशियाच्या डोंगरपट्ट्यातले हे गाव आज पोलंडमध्ये वालिम या नावाने आहे. त्याच पट्ट्यात १८४४ मध्ये भुकेल्या विणकरांचा उठाव झाला होता आणि १८४८ मध्ये सगळा युरोप क्रांत्यांनी पेटला होता. सेपेल्ट घराण्याचा धंदा तंबाखू, तपकीर आणि गोड मद्यांचा. व्यवसाय बरा चाललेला, माणूस छत्तिशीचा, शिकलेला. १८४९ मध्ये त्यांनी बायको योहाना, मुले, शेजारपाजारची तेरा कुटुंबे आणि आपल्या कारखान्यातले काही तरुण कामगार घेऊन जहाज पकडले. एका गावाचा तुकडाच जणू जहाजात चढला होता.

सुरुवातीला काही काळ क्लेम्झिगला काढून १८५१ मध्ये सेपेल्ट यांनी तानुंडाजवळ दीडशे एकरांहून थोडी जास्त जमीन घेतली आणि तिला आपले नाव दिले. बेत तंबाखूचा होता. गाठीला ज्ञान तंबाखूचे होते आणि बरोबर आणलेली माणसेही त्याच कामातली होती. पण तंबाखू मनासारखी होईना. घराण्याची सगळी विद्या नव्या मातीत निकामी ठरली.

त्यांना सावरले ते गव्हाने. त्याच वर्षी शेजारच्या व्हिक्टोरिया वसाहतीत सोने सापडले. हजारो माणसे शेते सोडून खाणींवर धावली आणि धान्याचे भाव चढले. गव्हाच्या पैशावर सेपेल्ट तगले. मधल्या काळात शेजारी द्राक्षे लावत होते, तशी त्यांनीही लावली. पहिली वाईन निघाली ती योहानाबाईंच्या दुधाच्या खोलीत, जिथे लोणी-चीज करायचे तिथेच. गोड मद्यांच्या धंद्यातून त्यांना मद्यार्क, साखर आणि मुरवणे या तिन्हींचे भान होतेच. तंबाखूने न दिलेले यश त्या भानाने दिले. धंदा वाढला तसे १८६७ मध्ये वाइनरीच्या पक्क्या दगडी इमारतीचे काम निघाले. पुढच्याच वर्षी योझेफ सेपेल्ट गेले आणि बांधकाम मुलाच्या गळ्यात पडले.

बेनो

मुलाचे नाव बेनो. वय विशीच्या पुढचे. वडिलांना व्यापार कळत होता, तर मुलाला रसायनशास्त्राची आवड होती. भावंडांचे हिस्से घेऊन त्याने कारभार हाती घेतला, प्रयोगशाळा उभी केली, ब्रँडीसाठी भट्टी लावली, व्हिनेगरही काढले. वाईन का बिघडते, आंबणे मध्येच का थांबते, हे त्या काळी बहुतेक ठिकाणी अनुभवावर आणि नशिबावर सोडलेले असायचे. बेनो मोजमाप करत राहिला.

१८८८ मध्ये त्याने बांधलेली वाइनरी त्या मोजमापाचेच फळ आहे. टेकडीचा उतार कापून तिथे पायऱ्या केल्या. द्राक्षांच्या गाड्या वरच्या टोकाला यायच्या, तिथे फळ चिरडले जायचे, चोथ्यासकट रस खालच्या पायरीवरच्या उघड्या टाक्यांत उतरायचा, आंबून झाला की आणखी खाली. पुढच्या कामांसाठी तो खालीच जात राहायचा. पंपाने ओढण्याची गरज कमी झाली, माणसांचे श्रम वाचले, आणि चोथा कमी घुसळला गेल्याने बियांचा-देठांचा कडवटपणा रसात कमी उतरला. ही वाइनरी पुढे बराच काळ बंद राहिली. २०१० मध्ये ती दुरुस्त करून पुन्हा सुरू केली आणि आजही तिथे उतारानेच काम होते.

बेनो आणि सोफी यांना सोळा अपत्ये झाली, त्यांतली तेरा जगली. मुले मोठी झाली तशी धंद्याच्या वेगवेगळ्या खात्यांत शिरली. १९०२ मध्ये 'बी. सेपेल्ट अँड सन्स' ही कंपनी झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती देशातल्या सर्वांत मोठ्या वाइनरींपैकी एक होती. १९१६ मध्ये बेनो निवृत्त झाला आणि थोरल्या ऑस्करकडे सूत्रे आली. १९१८ मध्ये कंपनीने व्हिक्टोरियातली ग्रेट वेस्टर्न ही फसफसणाऱ्या वाईनसाठी नाणावलेली वाइनरी विकत घेतली.

पण बेनोचे नाव आज घेतले जाते ते १८७८ च्या एका निर्णयामुळे. वडिलांनी सुरू केलेल्या बांधकामाचा पुढचा टप्पा म्हणून निळसर दगडाचे मोठे कोठार त्या वर्षी पुरे झाले. त्याप्रीत्यर्थ बेनोने हाताशी असलेल्या उत्तम वाईनचे ५०० लिटरचे एक पिंप निवडले आणि ते शंभर वर्षे विकायचे नाही असे ठरवले. आणि एवढ्यावर न थांबता दर वर्षी असेच पिंप राखायचे, असा पायंडा पाडला. तिशीतल्या माणसाने केलेला हा वायदा पुरा होताना तो स्वतः, त्याची मुले आणि बहुधा नातवंडेही हयात नसणार, हे त्याला ठाऊक होते.

पिंपात काय होते

ही वाईन फॉर्टिफाइड जातीची, म्हणजे वरून मद्यार्क घातलेली. रस आंबत असताना, साखर पुरती संपण्याआधीच त्यात द्राक्षांपासून गाळलेला मद्यार्क मिसळतात. मद्यार्काचे प्रमाण वाढले की यीस्ट मरते, आंबणे थांबते आणि उरलेली साखर वाईनमध्येच राहते. गोव्याच्या गोड पोर्टची चव आपल्याकडे ओळखीची आहे. त्या चवीचे मूळ पोर्तुगालमधल्या याच रीतीत आहे. गोडवा आणि मद्यार्क दोन्ही भरपूर असल्यामुळे अशी वाईन टिकते, नासत नाही.

सेपेल्ट्सफील्डची ही वाईन ग्रनाश, शिराझ आणि मतारो या काळ्या द्राक्षांची. ती ओकच्या जुन्या पिंपांत कोठाराच्या वरच्या मजल्यावर ठेवतात, कारण तिथे छपराची उष्णता पोचते. बरोसाचा उन्हाळा कडक आणि कोरडा. लाकूड श्वास घेते, त्यातून वाईन हळूहळू उडत राहते. हवा कोरडी असली की मद्यार्काहून पाणी जास्त उडते, म्हणून उरलेल्या वाईनमध्ये मद्यार्क, साखर, आम्ल सगळेच घट्ट होत जाते. लाल रंग आधी विटकरी, मग तपकिरी आणि शेवटी काळपट होतो. शंभर वर्षांनी उरते ते काकवीसारखे दाट असते आणि मूळ मापाचा लहानसा भागच शिल्लक असतो. बाकीचे हवेत गेलेले.

हिशेबाच्या वहीत ही तूट आहे. भरताना पैसे गेले, जागा अडली, दर वर्षी माल घटला, आणि परतावा शंभर वर्षांनी. कोणताही सावकार अशा धंद्याला कर्ज देणार नाही. १८७८ ते १९७८ हे पूर्ण शतक या पिंपांनी कंपनीला एक दमडीही मिळवून दिली नाही.

युद्ध आणि मंदी

पहिल्या महायुद्धात बरोसाच्या जर्मनांवर संशयाचे ढग आले. तीन पिढ्या इथे काढलेल्या, इथल्याच मातीत पुरल्या गेलेल्या लोकांची देशनिष्ठा तपासली जाऊ लागली. ॲडलेडजवळच्या टॉरेन्स बेटावर नजरकैदेची छावणी उघडली. १९१७ मध्ये सरकारने ४९ लुथरन शाळा बंद केल्या. त्याच वर्षी केलेल्या कायद्याने राज्यातली ६९ जर्मन ठिकाणनामे बदलायची ठरली. क्लेम्झिगचे गाझा झाले, लांगमाइलचे बिल्यारा. सेपेल्ट्सफील्डला लागून असलेल्या ग्नाडेनफ्राय गावाला मरनांगा हे आदिवासी भाषेतले नाव दिले गेले. ज्यांच्याकडून जमीन घेतली त्यांचे शब्द आता जर्मनांची नावे पुसायला कामी आले. काही नावे १९३५ मध्ये परत आली, काही त्याहून कितीतरी उशिरा, तर मरनांगा मरनांगाच राहिले. युद्धाच्या त्या वर्षांतही कोठारात पिंपे भरली जात होती.

नंतरच्या दशकात फॉर्टिफाइड वाईनला बरे दिवस आले. १९२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारने तिच्या निर्यातीला अनुदान दिले, ब्रिटननेही साम्राज्यातल्या मालावर जकातीत सवलत दिली. इंग्रज गिऱ्हाइकाला गोड आणि कडक वाईन हवी होती, म्हणून ऑस्ट्रेलियाचे द्राक्षमळे तीच पुरवत राहिले.

मग जागतिक मंदी आली. मागणी घटली, वाइनरीत सगळ्यांना पुरेसे काम उरले नाही. सेपेल्ट घराण्याने कामगारांना घरी बसवण्याऐवजी रस्त्यांच्या कडेने खजुरी लावायला घेतल्या. कॅनरी बेटांवरची ही जात शोभेची. खजूर खाण्याजोगा नाही, लाकूड उपयोगाचे नाही. लावलेल्या झाडांची संख्या दोन हजारांवर गेली. आज पर्यटकांच्या फोटोंत हमखास दिसणाऱ्या त्या रांगा म्हणजे कामगारांची मंदीच्या काळातली मजुरी. एक रांग टेकडीवर चढत जाते. तिच्या टोकाला ग्रीक मंदिराच्या घाटाची, खांबांची वास्तू आहे, सेपेल्ट घराण्याचे समाधिस्थळ. ते १९२७ मध्ये बांधले गेले तेव्हा बेनो हयात होता. १९३१ मध्ये तो गेला आणि तिथेच विसावला.

घराण्यानंतर

दुसऱ्या महायुद्धानंतर इटली, ग्रीस आणि इतर युरोपीय देशांतून माणसे आली. जेवणाबरोबर साधी वाईन पिण्याची सवय त्यांनी बरोबर आणली. साठ-सत्तरच्या दशकांत ऑस्ट्रेलियाची चव उलटली. गोड फॉर्टिफाइड वाईन आजीआजोबांचे पेय ठरली. जी चीज सेपेल्ट्सफील्डचा कणा होती, तिलाच गिऱ्हाईक उरेना. १९७० मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली.

१९७८ उजाडले आणि बेनोचा वायदा पुरा झाला. १८७८ ची वाईन बाहेर काढली गेली. तेव्हापासून दर वर्षी शंभर वर्षे जुनी एक वाईन थोड्या मापात विक्रीला येते. जगात इतर कोठारांतही जुनी वाईन आहे, पण एकामागून एक असे प्रत्येक साल अखंड राखणारे दुसरे घर दाखवणे अवघड आहे.

त्यानंतर मात्र मालकी वेगाने हलली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या बिअर कंपनीने सेपेल्ट विकत घेतले. हाच काळ बरोसासाठी सर्वांत कठीण. द्राक्षे उदंड झाली आणि जुन्या वेली उपटून टाकण्यासाठी सरकार शेतकऱ्यांना पैसे देऊ लागले. शंभरी गाठलेल्या शिराझच्या वेलींना तेव्हा मोल नव्हते. उपटलेल्या त्या वेली आज असत्या तर सोन्याच्या ठरल्या असत्या. पुढे धंदा साउथकॉर्प या समूहात गेला आणि २००५ मध्ये तो समूह फॉस्टर्सने घेतला. २००७ मध्ये फॉस्टर्सने सेपेल्ट्सफील्ड विकले ते चमत्कारिक वाटणी करून. 'सेपेल्ट' हा बाजारातला ब्रँड त्यांनी स्वतःकडे ठेवला आणि गाव, कोठारे, जुनी पिंपे वेगळ्या मालकांकडे गेली. घराण्याचे नाव एका हाती आणि घराण्याचा वायदा दुसऱ्या हाती, अशी फाळणी झाली. २००९ पासून वाइनरीची सूत्रे वॉरन रँडल यांच्याकडे आली. तरुणपणी ते याच कंपनीच्या ग्रेट वेस्टर्न वाइनरीत वाईन बनवत होते. त्यांच्या काळात १८८८ ची वाइनरी सुरू झाली, जुन्या इमारतींत कारागिरांच्या कार्यशाळा आणि उपाहारगृह आले, आणि पाहुण्यांना त्यांच्या जन्मसालाच्या पिंपातली वाईन चाखायला मिळू लागली.

वायदा टिकला कशाने

संस्था टिकल्या की आपण संस्थापकाच्या दूरदृष्टीला श्रेय देतो आणि मोडल्या की वारसांना दोष देतो. सेपेल्ट्सफील्डच्या बाबतीत हे उत्तर अपुरे आहे. १९८५ नंतरचे बहुतेक मालक बेनोचे कोणीच नव्हते. ते भागधारकांना बांधलेले होते आणि वेळोवेळी नफा दाखवणे त्यांना भाग होते. पिंपे विकून टाकण्याचा अधिकार त्यांना होता. तरी त्यांनी ती ठेवली आणि नवी भरतही राहिले.

याचे कारण वायद्याच्या घडणीतच आहे. बेनोने एकच पिंप ठेवले असते तर १९७८ मध्ये ते उघडले गेले असते आणि समारंभ करून गोष्ट संपली असती. त्याने दर वर्षीचा पायंडा पाडला. त्यामुळे १९७८ नंतरच्या प्रत्येक मालकाला दर साल आयती कमाई हाती आली, तिच्यासाठी खर्च केलेला होता शंभर वर्षांपूर्वीच्या कोणीतरी. आणि साखळी अखंड आहे हाच तिचा सारा भाव. एक साल गाळले तर फटका त्या सालापुरता बसत नाही, मागची आणि पुढची सगळी पिंपे 'अखंड' हा शब्द गमावून बसतात. पिंप भरायचा खर्च थोडा, न भरण्याचा तोटा मोठा. पहिल्या शतकात हा वायदा घराण्याच्या श्रद्धेवर चालला, दुसऱ्या शतकात तो मालकांच्या स्वार्थावर चालतो आहे, आणि त्यामुळे तो पहिल्याहून बळकट आहे.

वूस्टेवाल्टर्सडॉर्फहून निघालेल्या तेरा कुटुंबांचे शेजारपण आज उरलेले नाही, तंबाखूचा बेत तर पहिल्या काही हंगामांतच बारगळला, आणि कंपनी नावाची गोष्ट किती वेळा हात बदलून गेली. टिकली ती दर हंगामाच्या शेवटी करायची एक नेमाची कृती. २०२५ च्या सालाचे पिंप उघडायचे ते २१२५ मध्ये. तेव्हा मालक कोण असेल याचा विचार भरणाऱ्याला करावा लागत नाही, आणि बेनोने या गावासाठी केलेली खरी तरतूद हीच आहे.